डावी मूठ

विजेवर चालणारी डोंगरातली दुचाकी तपासायची म्हणजे ती जोरात पळवायची, असं लोकांना वाटतं. हेमलता डफळेचं काम बरंचसं बसून आणि वाकून करायचं होतं. धडगावच्या पुढे जिथे डांबर संपतं आणि पायवाट नदीच्या पात्राकडे उतरते, तिथे ती सकाळपासून एका गाडीभोवती गुडघ्यांवर फिरत होती. होळी उलटून गेली होती. सातपुड्यात ऊन लवकर चढतं, आणि तिचे गुडघेही आता पूर्वीसारखे राहिले नव्हते.

आधी गाडीवर माणूस बसवायचा, त्याच्या पाठीवरच्या सामानासकट. मागची स्प्रिंग किती दबते ते बघायचं. फार दबली तर पुढचं चाक हलकं होतं आणि वळत नाही, कमी दबली तर प्रत्येक दगड कंबरेत बसतो. मग टायरमधली हवा काढायची, म्हणजे टायर दगडाला धरून चालतो. हँडल असं फिरवायचं की उभं राहून चालवताना कोपर मोकळे राहतील. सगळ्यात शेवटी मोटर. पेट्रोलच्या इंजिनाला जोर पकडायला क्षणभर लागतो, विजेच्या मोटरला लागत नाही. मूठ पिळली की सगळा जोर तत्क्षणी चाकात. ओल्या दगडावर तो जोर माणसाला आडवा करतो, म्हणून मुठीचा सुरुवातीचा भाग मऊ करून ठेवायचा.

हे सगळं हेमलता कोल्हापुरात मातीच्या शर्यती करत होती तेव्हापासून तिच्या हातात बसलेलं होतं. शर्यती सुटल्यावर तिने गाड्या तपासायचं काम धरलं. आता पन्नाशी जवळ आली होती, आणि ज्या कंपनीसाठी ती काम करत होती तिने डोंगरातल्या आरोग्यसेविकांसाठी ही गाडी बनवली होती. जिथे जीप जात नाही, त्या पाड्यांवर लसीची पेटी घेऊन जाणाऱ्या बायकांसाठी. पावसाळ्याच्या आत गाड्या त्यांच्या हातात पडायला हव्या होत्या.

या गाडीत एक गोष्ट नवी होती. तिचं नाव सोबत.

सोबत बनवली होती सलील बर्वेने. तिशीतला, शांत, पुण्याहून आलेला इंजिनियर. आरोग्य केंद्राच्या ओसरीवर बसून त्याने सगळ्या सिस्टरांना ती समजावून सांगितली होती, आणि हेमलताला त्याचं सांगणं आवडलं होतं, कारण त्याने कोणालाही लहान मूल समजून सांगितलं नाही.

"हँडलच्या खाली एक डबी आहे," तो म्हणाला होता. "तिच्यात तेल आहे आणि तेलात लोखंडाची अगदी बारीक पूड. वीज सोडली की ती पूड रांगेत उभी राहते आणि तेल मधासारखं घट्ट होतं. वीज थांबवली की पुन्हा पातळ. डोळा लवायच्या आत. म्हणजे हँडल कधी किती घट्ट धरायचं, हे गाडी ठरवू शकते."

"ठरवते कशावरून?" एका सिस्टरने विचारलं होतं.

"मुठींमध्ये दाब मोजायची सोय आहे, आणि चाकांजवळही. चाकाकडून वर येतो तो दगडाचा हादरा. मुठीकडून खाली जातो तो तुमचा हात. दोन्ही वेगळे काढता येतात. तुम्हाला वळायचं असतं तेव्हा हात सावकाश, ठरवून हलतो. भीतीने किंवा थकव्याने हलतो तेव्हा वेगळा. गाडी काही दिवस तुमच्याबरोबर राहिली की तिला कळतं, यातलं तुम्हाला हवं असलेलं किती आणि नको असलेलं किती. नको असलेलं ती गिळून टाकते."

पण नव्या स्वाराबरोबर शिकायला गाडीला वेळ लागतो, आणि वेळ नव्हता. म्हणून कंपनीने ठरवलं होतं की हेमलताबरोबर गेली दोन वर्षं जी सोबत शिकली, तीच सगळ्या गाड्यांत उतरवायची. तिचा अनुभव प्रत्येक सिस्टरच्या मुठीत. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव होतं, बोलताना सगळे म्हणत, "हेमाताईंचा हात."

हेमलताला या नावाचा सुरुवातीला अभिमान वाटला होता. अलीकडे तिला कशाचं फार काही वाटत नव्हतं. ती थकली होती, आणि हा थकवा झोपेने जात नव्हता.

त्या दिवशी तिने गाडी लावली ती रमिला पावरा या सिस्टरसाठी. रमिला याच भागातली, अंगाने लहानखुरी, आणि आजवर सासऱ्याच्या जुन्या मोटरसायकलवर लसीची पेटी बांधून फिरलेली. हेमलताने स्प्रिंग सैल केली, ब्रेकची लिव्हर तिच्या छोट्या बोटांजवळ आणली, पेटी मध्यावर आणून खाली बांधली. सलीलने गाडीत हेमाताईंचा हात उतरवला. रमिला उतारावरून नीट गेली. दगडांवरूनही गेली. परत आली तेव्हा तिच्या कपाळावर आठी होती.

"कशी वाटली?" हेमलताने विचारलं.

"चांगली आहे, ताई. पण सपाटीवर हँडल कोणीतरी धरून ठेवतं."

"सपाटीवर? दगडांत नाही?"

"दगडांत नाही. सपाटीवर. डाव्या बाजूला."

हेमलताने ते मनावर घेतलं नाही. जुन्या मोटरसायकलचं हँडल ढिलं असतं, सवय झालेली असते. "अजून एक फेरी मारा," ती म्हणाली.

रमिला त्या फेरीत पडली. अवघड जागी नाही, पात्राच्या अलीकडे वाळूचा सरळ पट्टा होता तिथे. पुढचं चाक वाळूत थोडं भरकटलं, तिने सवयीने हँडलला झटपट छोटे छोटे झटके देऊन ते सरळ करायला घेतलं, आणि गाडीने ते झटके मानलेच नाहीत. हेमलता धावत पोचली तेव्हा रमिला उठून बसली होती आणि मनगट पोटाशी धरून आधी पेटीकडे बघत होती.

"पेटी फुटली नाही ना?" तिने विचारलं.

मनगटाचं हाड मोडलं नव्हतं, पण सूज बरीच आली. केंद्रातल्या डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि आठवडाभर गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं.

सलील दुपारभर लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसून राहिला. हेमलता चहा घेऊन गेली तेव्हा त्याने मान वर केली नाही.

"गाडीने तिचे झटके गिळले," तो म्हणाला. "तिला हवे होते ते. वाळूत गाडी सांभाळायची तिची रीतच तशी आहे, लहान आणि जलद. गाडीला वाटलं, हे नको असलेलं."

"का वाटलं?"

"तेच कळत नाही. तुमच्या हातात असं काहीतरी आहे जे गाडी त्याच वेगाने पुसते. सेकंदाला चार-पाच वेळा. फक्त डावीकडे." त्याने पडदा तिच्याकडे वळवला, त्यावर एक दातेरी रेघ होती. "आणि गंमत बघा. दगडांत, उतारावर, जिथे तुम्ही मूठ आवळून धरता तिथे काहीच नाही. सोपा रस्ता आला, तुम्ही हात सैल सोडलात, की सुरू. सोपा रस्ता असताना गाडी सगळ्यात जास्त काम करतेय. डाव्या मुठीतला मोजणीचा भाग खराब असणार. बदलतो."

हेमलताने चहाचा कप उजव्या हातात घेतला होता. डावा हात मांडीवर होता आणि तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

तिच्या आईलाही असंच सुरू झालं होतं. काम करताना हात स्थिर असायचा. भाकरी थापताना, सुईत दोरा ओवताना. टीव्ही बघत बसली की मांडीवरचा हात स्वतःशी काहीतरी मोजत असल्यासारखा हलायचा. डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं तोवर बराच उशीर झाला होता. पुढची सगळी वर्षं हेमलताने आणि तिच्या नवऱ्याने, विलासने, आईला आपल्या घरी सांभाळलं. शेवटी शेवटी आईला घास गिळता येत नसे, तेव्हा विलास शाळेतून येऊन पातळ पेज चमच्याने भरवायचा आणि मध्ये मध्ये थांबून तिच्या गळ्यावर हलकेच हात फिरवायचा.

सलीलने मूठ बदलली. हेमलताने फेरी मारली. पडद्यावर तीच रेघ आली.

"मग डबीत दोष असेल," तो म्हणाला, पण आता त्याच्या आवाजात खात्री नव्हती.

"सोबत बंद कर," हेमलता म्हणाली.

"पूर्ण?"

"पूर्ण. मी वाळूच्या पट्ट्यापर्यंत जाऊन येते."

उतार तिने सहज पार केला. दगड ओलांडले. अंगात जुनी लय आली आणि क्षणभर तिला वाटलं, सगळा भ्रम आहे. मग सपाटी आली. तिने नेहमीसारखे खांदे सोडले, बोटं सैल केली. थोडा वेळ काही झालं नाही. मग डाव्या मुठीत काहीतरी जागं झालं. बारीक, सारखं, घाई नसलेलं. तिने मूठ आवळली, ते थांबलं. सैल सोडली, ते परत आलं. तिने गाडी उभी केली, मोटर बंद केली आणि कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. समोर पाणी अगदी थोडं होतं. पलीकडच्या पाड्यावर कोणीतरी कुऱ्हाडीने लाकूड फोडत होतं.

गेल्या वर्षी अशाच पात्रात तिने स्वतःची जुनी वेळ मोडली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, या वयात म्हणून. ती वेळ तिची होती की गाडीची, हे आता तिला सांगता आलं नसतं.

ती परत आली तेव्हा सलील लॅपटॉपवर वाकलेला होता. त्याने जुन्या नोंदी उघडल्या होत्या. रेघ दोन वर्षांपूर्वी जेमतेम दिसत होती आणि महिन्यामहिन्याने जाड होत गेली होती. कोणी बघितलंच नव्हतं, कारण बघायचं काही कारण नव्हतं. गाडी नीट चालत होती.

"माझ्या आईला होतं," हेमलता म्हणाली.

सलीलने लॅपटॉप मिटला. "मला कळायला हवं होतं. मीच बनवलंय हे."

"तू गाडी बनवलीस. तपासायला बसला नव्हतास मला."

संध्याकाळच्या आत पुण्याला बोलणं झालं. प्रकल्पाच्या प्रमुख चित्रे मॅडम पडद्यावर आल्या. रमिलाच्या मनगटाची चौकशी त्यांनी आधी केली आणि ती मनापासून केली. मग म्हणाल्या, "डावीकडचा तेवढा भाग पुसून टाका आणि बाकीचा हात तसाच ठेवा. कारण म्हणून मूठ खराब होती असं लिहा. हेमलता, यात तुमचं खासगी काही बाहेर यायची गरज नाही. तुमच्या गाडीत सोबत आहे तशी राहील. तुम्ही आणखी खूप वर्षं चालवू शकाल."

हे शेवटचं वाक्य हेमलताच्या आत कुठेतरी जाऊन बसलं. आणखी खूप वर्षं. कोणाला कळणार नाही. तिलाही रोज कळणार नाही.

"पुसता येईल?" तिने सलीलला विचारलं.

"रेघ पुसता येईल. पण दोन वर्षं तुमचा उजवा हात डाव्याचं थोडं थोडं काम करत आलाय, आणि गाडी दोघांचं. सगळं एकमेकांत मुरलंय. उरलेला हात कोणाचा, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. उद्या आणखी कोणी वेगळ्या जागी पडेल."

"आणि प्रत्येकीची सोबत कोऱ्या पाटीपासून शिकवायची तर पावसाळ्याआधी होणार नाही," चित्रे मॅडम म्हणाल्या. "पाण्याने वाटा तुटल्या की ते पाडे आणखी एक पावसाळा तसेच राहतील. हे मी मोठेपणा दाखवायला सांगत नाहीये. तुम्ही दोघं विचार करा."

त्या खोटं बोलत नव्हत्या, आणि म्हणूनच हेमलताला जास्त थकल्यासारखं झालं.

रमिला ओसरीच्या पायरीवर बसून सगळं ऐकत होती. बोलणं संपल्यावर तिने विचारलं, "ताई, गाडीला तुमचं कळलं तसं माझं पण कळणार?"

"काही असेल तर कळेल," सलील म्हणाला.

"मग ती मला आधी सांगणार की साहेबांना?"

सलीलने हेमलताकडे बघितलं. याचं उत्तर ठरवलेलंच नव्हतं. गाडी हे ओळखू शकते हेच आज दुपारपर्यंत कोणाला माहीत नव्हतं.

"आमच्यात एक सिस्टर आहे," रमिला म्हणाली, "तिला फिट येते. दोन वर्षांत एकदाच आली. गोळी घेते. कळलं तर तिला कामावरून काढतील. आणि न कळता ती नदीत पडली तर तेही वाईट. मला नाही माहीत काय बरोबर. पण तिला आधी कळलं पाहिजे. तिच्याबद्दल आहे ना ते."

हेमलताने त्याच ओसरीवर बसून अहवाल लिहिला. मूठ खराब नव्हती, असं लिहिलं. स्वार आजारी असण्याचा संभव आहे, गाडीने ते झाकलं, आणि म्हणून या स्वाराच्या हातावर बांधलेली एकही गाडी कोणाला देऊ नये. सोबत किती काम करते आहे ते चालवणाऱ्याला सतत समोर दिसलं पाहिजे, आणि ते फक्त त्यालाच दिसलं पाहिजे. खाली तिने आपलं नाव घातलं. पाठवलं आणि मग विलासला फोन लावला.

विलास कोल्हापुरात एका शाळेत चित्रकला शिकवायचा. गेल्या वर्षी त्याने दोनदा तिला सांगितलं होतं की चालताना तुझा डावा हात हलत नाही, एकदा दाखवून घेऊ. तिने उडवून लावलं होतं. दुसऱ्या वेळी जरा लागेल असं बोलली होती. तेव्हापासून दोघं कामापुरतं बोलत. ती चाचण्यांच्या निमित्ताने बाहेर राहायची आणि घरी आली की झोपायची.

तिने सगळं सांगितलं.

"ऐकतोयस?"

"ऐकतोय की."

"म्हण ना, मी सांगितलं होतं म्हणून."

"मला बरोबर ठरायचं नव्हतं, हेमा," तो म्हणाला. "मी रोज ठरवायचो, आज परत विषय काढायचा. आणि मग आई आठवायच्या. म्हटलं, नाही काढला तर नसेल. शाळेतली पोरं करतात तसं. तू ये. आपण जाऊ डॉक्टरांकडे."

पुण्याच्या डॉक्टर बाई वयस्कर होत्या. त्यांनी हेमलताला अंगठ्यावर बोट टेकवायला लावलं, भराभर, आधी उजव्या हाताने, मग डाव्या. डावं बोट हळूहळू लहान होत गेलं, जणू त्याला कंटाळा आला. कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. मग गाडीच्या नोंदी त्यांनी पुन्हा पुन्हा बघितल्या.

"नुसतं बघून मी एवढ्यात ओळखलं असतं का, शंका आहे," त्या म्हणाल्या. "हे थांबवणारं औषध अजून माझ्याकडे नाही. हात मोकळा ठेवणारं आहे. व्यायाम सोडू नका. गाडी चालवायची की नाही ते दर काही महिन्यांनी आपण दोघी बघू. आज मी नाही म्हणणार नाही, पण दुसऱ्यांसाठी गाड्या पास करायचं काम करू नका."

"ते मी आधीच सोडलंय," हेमलता म्हणाली.

बाहेर बाकावर बसल्यावर विलास म्हणाला, "यंत्राने लवकर सांगितलं म्हणजे काय झालं? तू तेवढे दिवस जास्त आजारी राहणार. आईंना निदान ती वर्षं माहीत नसताना मिळाली."

हेमलताने यावर बराच विचार केला. "आईला माहीत नव्हतं म्हणून ती स्वतःला बावळट समजायची," ती म्हणाली. "कप पडला की स्वतःला शिव्या द्यायची. मीही देत होते मला, वर्षभर. आणि तुलाही."

विलासने मान हलवली. उठताना तिची पिशवी त्याने घेतली.

कंपनीने अहवाल पूर्ण मानला नाही आणि फेटाळलाही नाही. हेमाताईंचा हात सगळ्या गाड्यांतून काढला. किती झाकलं जातंय ते दाखवणारा छोटा दिवा सलीलने मीटरजवळ बसवला. नोंदी फक्त स्वाराच्या हाती राहतील, हे मात्र चित्रे मॅडम लगेच कबूल करेनात. त्यावर वाद चालू राहिला, आणि सलीलने सांगून टाकलं की ते ठरेपर्यंत तो नोंदी पुण्याला पाठवणारी वायर जोडणार नाही.

राहिला प्रश्न पावसाळ्याचा. एकेका सिस्टरबरोबर गाडी कोऱ्यापासून शिकवायची, तर कोणीतरी तिच्या सोबत रोज वाटेवर हवं. स्प्रिंग लावणारं, हवा बघणारं, ती कशी पडेल हे आधी ओळखणारं. यासाठी गाडीवर बसावं लागत नव्हतं. मागून जीप जाते तिथवर जायचं आणि पुढे चालत. हेमलताने ते काम मागून घेतलं. सगळ्या जणींचं होणार नाही हे तिला माहीत होतं. जितक्यांचं होईल तितक्यांचं.

"तुझ्याबरोबर जीप चालवायला कोण आहे?" विलासने विचारलं. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती.

"तिथला एक ड्रायव्हर मिळेल."

"मी येतो."

"तुला घाट सोसत नाही, विलास."

"नाही सोसत," तो म्हणाला. "मी येतो."

धडगावच्या घाटात त्याने तिसऱ्यांदा जीप कडेला घेतली. खाली उतरून पाठ फिरवून वाकून उभा राहिला. हेमलता पाण्याची बाटली घेऊन मागे जाऊन उभी राहिली. खालून गरम वारा येत होता आणि डोंगर सगळीकडे पिवळे पडले होते. त्याने चूळ भरली, तोंड पुसलं आणि चेहरा राखेसारखा झालेला असतानाही परत स्टिअरिंगमागे जाऊन बसला.

"मी चालवू थोडा वेळ?" तिने विचारलं.

"पुढची सपाटी आली की घे," तो म्हणाला. "अजून किती वळणं आहेत?"

"बरीच."

त्याने गिअर टाकला.